समान वेतनाचे तत्त्व आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचा चरित्रपर लेख द्यावा अशी प्रथा आहे. यंदा ही कामगिरी संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविली. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र आज महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? महाडचा तळ्याचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिराचा लढा, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि नागपूरची धर्मदीक्षा हे प्रसंग शाळकरी मुलांनाही माहीत आहेत. ते सर्व पुन्हा सांगण्याचा आमचा विचार नाही. बाबासाहेब चार वर्षे हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री होते. त्या काळात, आणि त्याच्या अलीकडेपलीकडे, त्यांनी कष्टकऱ्याच्या मजुरीसंबंधी, विशेषतः कष्टकरी स्त्रीच्या मजुरीसंबंधी जे कार्य केले ते मात्र अजून घरोघर पोहोचलेले नाही. तेवढाच भाग आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे ठेवणार आहोत.

हा विषय आम्हांस सुचण्याचे कारण आमचे गावच होय. कुकडीकाठचे आमचे बोरी बुद्रुक हे बागायती गाव. कांदा, टोमॅटो, ऊस ही येथील पिके. कालव्याचे पाणी आले तेव्हापासून शेतीला बारमाही माणूस लागतो. आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांत मजूर लावणारे आहेत, तसे मजुरीस जाणारेही आहेत. सकाळी चौकात मुकादमाचा टेम्पो येऊन उभा राहतो आणि कोणाच्या वावरात किती बाया व किती गडी जावयाचे हे तेथल्या तेथे ठरते. त्याच वेळी रोजही ठरतो. बाईचा रोज वेगळा व गड्याचा वेगळा. यात काही वावगे आहे असे सांगणाऱ्यालाही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. अंकगणिताच्या जुन्या पुस्तकांत काळ-काम-वेगाची उदाहरणे असत. इतके पुरुष जे काम इतक्या दिवसांत करतात ते इतक्या स्त्रिया किती दिवसांत करतील, अशी ती मांडणी. त्या उदाहरणांत स्त्रीचे काम पुरुषाच्या कामाहून नेहमी कमीच भरे. कोणी कधी मोजून पाहिले होते म्हणून तसे लिहिले जाई, असे नव्हे. ते गृहीतच होते. असे गृहीत एकदा पुस्तकात शिरले की ते हिशेबाच्या वहीत उतरण्यास वेळ लागत नाही.

आता चरित्राकडे वळू.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य हिंदुस्थानातील महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेत शिक्षक होते. आई भीमाबाई सातारा येथे निवर्तल्या तेव्हा भीमराव अगदी लहान होते. पुढे त्यांना आत्या मीराबाईने वाढविले. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही केवढी गोष्ट होती, हे आमच्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या शिक्षकास चांगले कळते. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे आणि नंतर लंडनमध्ये त्यांनी जो विषय मन लावून अभ्यासिला तो अर्थशास्त्र होय. पुष्कळांची अशी समजूत असते की बाबासाहेब हे आरंभापासून अंतापर्यंत कायदेपंडित. वस्तुतः पैसा, कर, चलन व श्रम हाच त्यांचा पहिला अभ्यास होता, आणि लंडनची डॉक्टरेट त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरच मिळविली.

पुस्तकांबाहेरचे अर्थशास्त्र त्यांना परळच्या चाळीत शिकावयास मिळाले. चोहोकडे कापडाच्या गिरण्या, भोंग्याबरोबर जाणारी-येणारी माणसे, आणि दोन खोल्यांचा संसार. पती विलायतेत असता रमाबाईंनी शेण्या थापून व पोटाला चिमटा घेऊन घर चालविले. चार अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाईंच्या या कष्टांचा रोज कोणत्याच हजेरीपत्रकावर लागला नाही. २७ मे १९३५ रोजी त्या वारल्या.

बाबासाहेब १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसू लागले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी महार वतनासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. वतन म्हणजे काय हे आजच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. गावकीची व सरकारची कामे, जसे सांगावा पोहोचविणे, वसुलाचे वेळी धावणे, गावात आलेल्या अंमलदाराची सरबराई, ही महारांनी करावयाची आणि त्याबद्दल थोडी इनाम जमीन व गावाकडून बलुते घ्यावयाचे. ते बलुते द्यावे न द्यावे हे गावाच्या मर्जीवर. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गावांतही हीच रीत होती. बाबासाहेबांचा मुख्य आक्षेप असा की, हे काम एका माणसाचे नव्हते. वतनदार हजर नसला तर त्याच्या बापाने, भावाने, आणि तेही नसले तर घरातल्या बाईने ते काम निभवावयाचे. सारे कुटुंब बांधलेले, आणि मोबदला मात्र ठराविक नाही. काम किती, ते कोणी केले व त्याचे दाम काय, हे तीन प्रश्न वतनात विचारताच येत नसत. ते बिल त्या वेळी पार पडले नाही. या कनिष्ठ गाव वतनांचा कायद्याने अंत होण्यास १९५८ साल उजाडावे लागले, आणि ते पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते.

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. त्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवला. गिरणीत अधिक मजुरीचे खाते म्हणजे विणकामाचे, ज्यास कामगार साचेखाते म्हणत. त्या खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांस चालत नसे. म्हणून अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या खात्यांतच राही. कोणत्याही कागदावर अस्पृश्यास कमी मजुरी द्यावी असे लिहिलेले नव्हते. दर हा खात्याचा होता, जातीचा नव्हता. परंतु खाते मात्र जातीवरून ठरत होते. आणि याच न्यायाने गिरणीतील स्त्रिया बहुतेक वाइंडिंग व रीळ या खात्यांत असत. तेथेही दर खात्याचाच होता.

वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण आमच्या मते बाबासाहेबांच्या पुढील साऱ्या मजूरविषयक विचाराचे मूळ येथे सापडते. एकाच कामाला दोन दर लावणे हा अन्यायाचा उघड प्रकार झाला. तो दिसतो, आणि म्हणून त्याला कायद्याने बंदी करता येते. दुसरा प्रकार असा की, आधी काम वाटून घ्यावयाचे, हलक्या दराचे काम ठराविक माणसांच्या वाट्याला ठेवावयाचे, आणि मग दर कामाचा आहे, माणसाचा नाही, असे म्हणावयाचे. १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात त्यांनी जातिव्यवस्थेच्या समर्थकांना जे उत्तर दिले त्याचाही रोख हाच होता. जातिव्यवस्थेत काम वाटले जाते एवढेच खरे नव्हे, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

जुलै १९२८ मध्ये गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचे बिल कौन्सिलापुढे आले. बिल दुसऱ्या सभासदाचे होते, पण बाबासाहेबांनी त्यास जोराचा पाठिंबा दिला. बाईच्या बाळंतपणाचा भार मालकाने का सोसावा, हा विरोधकांचा सवाल होता. मालक बाईला कामावर ठेवतो तो त्यात त्याचा लाभ आहे म्हणूनच, तेव्हा त्या लाभाबरोबर हा भारही काही अंशी त्याने उचलला पाहिजे, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. हा कायदा १९२९ साली मुंबई इलाख्यात झाला.

पुढील काही वर्षांचा इतिहास आम्ही भराभर सांगून टाकतो. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध, एक दिवसाचा संप घडवून आणला. आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यालाच लोक मजूरमंत्रिपद म्हणत.

काळ महायुद्धाचा होता. आगगाड्या, पोलादाचे कारखाने, दारूगोळा, सारे कोळशावर चाललेले, आणि कोळसा कमी पडू लागला. बंगाल-बिहारच्या खाणींतील मजूर अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांवर निघून गेले होते. खाणींत पूर्वी जोडप्याने काम करण्याची पद्धत होती. नवरा कोळसा फोडी आणि बायको तो पाटीत भरून वाघिणीपर्यंत वाही. मजुरी भरलेल्या वाघिणीवर मिळे, ती नवऱ्याच्या हाती पडे, आणि बायकोचे ओझे त्या मजुरीतच कोठेतरी विरून जाई. पुढे स्त्रियांना जमिनीखाली काम देऊ नये असा जागतिक संकेत झाला. १९३५ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने तसा करार केला आणि १९३७ पासून हिंदुस्थानातील खाणींत तशी पूर्ण बंदी लागू झाली. युद्धातील कोळशाच्या टंचाईमुळे ही बंदी १९४३ साली सरकारने उठविली. ज्या खात्याने ती उठविली त्याचे प्रमुख बाबासाहेब होते.

येथे चरित्रकाराने गप्प बसणे बरे नव्हे. स्त्रियांना पुन्हा जमिनीच्या पोटात धाडण्याच्या या निर्णयावर देशभर टीका झाली. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. मध्यवर्ती कायदेमंडळात श्रीमती रेणुका राय यांनी सरकारला धारेवर धरले. आम्हांसही हा निर्णय वाचताना सुख वाटले नाही. पाचशे-पाचशे फूट खोल, पाण्यात, धुराळ्यात, डोक्यावर पाटी घेतलेली बाई डोळ्यांपुढे येते. बाबासाहेबांनीही हा निर्णय चांगला आहे असे भासविले नाही. तो युद्धाच्या अडचणीतून आला आहे, तात्पुरता आहे आणि अडचण सरताच बंदी पुन्हा आणली जाईल, अशी सरकारची बाजू त्यांनी मांडली. टीकाकारांचे समाधान झाले नाही, आणि होण्याजोगे ते नव्हतेही.

परंतु बंदी उठविताना ज्या अटी घालण्यात आल्या त्यांत एक अशी होती की तिची नोंद घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. छत ठेंगणे असलेल्या बोळांत स्त्रियांना काम देऊ नये ही एक अट. आणि खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी दिली पाहिजे, ही दुसरी. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी कायदेमंडळात या प्रश्नावर वाद झाला, तेव्हा बाबासाहेबांनी या दुसऱ्या अटीकडे सभागृहाचे लक्ष मुद्दाम वेधले. समान कामाला समान दाम, मग कामकरी स्त्री असो वा पुरुष असो, हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे असे त्यांनी त्या प्रसंगी सांगितले. आपल्या संविधानात हे तत्त्व येण्यापूर्वी साडेपाच वर्षांहून अधिक काळ ते कोळशाच्या खाणीत, अप्रिय अशा एका निर्णयाच्या पोटातून, उच्चारले गेले होते. तत्त्वे जन्मास येण्याची स्थळे नेहमी शोभिवंत असतातच असे नाही.

बाबासाहेब कचेरीत बसून आज्ञा देणारे मंत्री नव्हते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद-झरिया भागातील कोळसा खाणींना भेट दिली, स्वतः खाली उतरून काम पाहिले, मजुरांची घरे पाहिली. त्यानंतर लगेच, जानेवारी १९४४ मध्ये, खाणमजुरांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचा वटहुकूम निघाला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांनी दुरुस्ती करून घेतली. जमिनीखालील कामावरील बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. त्याच साली कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली, आणि ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी किमान वेतनाचे बिल मांडले. ते पुढे जगजीवनराम यांच्या कारकीर्दीत, १९४८ साली, कायदा झाले. या कायद्याच्या परिशिष्टात शेतमजुरीचाही समावेश होता हे आपण खेडेगावच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.  सरकार जे किमान दर जाहीर करते त्यांत बाईचा एक आणि गड्याचा एक असे दोन रकाने नसतात.

मग संविधान आले. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बाबासाहेबांच्या बरोबर श्रीमती हंसा मेहता व राजकुमारी अमृत कौर या दोन कर्त्या स्त्रिया होत्या, आणि संविधान हे पुष्कळांच्या हातांखालून गेलेले काम आहे. म्हणून समान वेतनाचे कलम एकट्या बाबासाहेबांचे असे म्हणणे इतरांवर अन्याय करणारे ठरेल. तथापि मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने ते अखेरपर्यंत सांभाळण्याची जबाबदारी त्यांची होती आणि ती त्यांनी पार पाडली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये पुरुष व स्त्रिया या दोघांनाही समान कामाबद्दल समान वेतन मिळावे असे राज्याचे धोरण राहील, असे घातले आहे.

धोरण हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच्या आधारावर कोणास थेट न्यायालयात जाता येत नाही. मग त्याचा उपयोग काय, असे त्या वेळीही विचारले गेले. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, जो पक्ष सत्तेवर येईल त्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत, न्यायालयात नाही तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे त्याला जाब द्यावाच लागेल. पुढील अनुभव पाहता हा विश्वास थोडा अधिकच होता असे आमचे मत आहे. निवडणुकीत रस्ता विचारला जातो, पाणी विचारले जाते, उसाचा भाव विचारला जातो. बाईच्या रोजाविषयी कोणी जाब विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हिंदू स्त्रीला वारसा व घटस्फोट यांचे हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडविले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ती कथा मोठी आहे आणि तिला स्वतंत्र लेख पाहिजे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

समान वेतनाची हकीकत मात्र त्यांच्या निधनाने संपत नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९५१ साली समान मोबदल्याचा करार केला होता. भारताने तो १९५८ साली मान्य केला. तरी प्रत्यक्ष कायदा व्हावयास आणखी सतरा-अठरा वर्षे गेली. मध्यंतरी महाराष्ट्रात एक गोष्ट घडली तिचे स्मरण आमच्या पिढीला आहे. १९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. गावोगाव सरकारी कामे निघाली आणि खडी फोडण्यास घरची गरती बाई प्रथमच रस्त्यावर बसली. पुढे या कामांचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांवर दर मातीच्या व खडीच्या मापाला होता. जितके माप भरेल तितके दाम, आणि ते माप बाईने भरले की गड्याने भरले हे विचारावयाचे कारण नव्हते. त्या कामांवर बायांची हजेरी मोठी असे याचे हेही एक कारण असावे.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्या वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि १९७६ साली समान मोबदला कायदा झाला. एकाच स्वरूपाच्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुषांस सारखे वेतन द्यावे, नोकरीवर घेताना भेद करू नये, असे त्यात होते. आणि एक शहाणपणाची तरतूद अशी होती की, दर सारखे करावयाचे म्हणून मालकाने पुरुषाचा दर खाली आणता कामा नये.

या कायद्याची कसोटी मुंबईतच लागली. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत लघुलेखक पुरुषही होते आणि स्त्रियाही होत्या, पण स्त्रियांचा पगार कमी. एका लघुलेखिकेने दाद मागितली. कंपनीने सांगितले की, या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गोपनीय कामासाठी नेमलेल्या, त्यांचा वर्गच निराळा, सबब तुलना होत नाही. पुन्हा तेच साचेखाते! वाचकांस १९२८ ची गिरणी आठवली असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कंपनीचे म्हणणे फेटाळले. कामाचे नाव व वर्ग काय आहे यावर न थांबता काम मुळात सारख्या स्वरूपाचे आहे की नाही ते पाहावे, बारीकसारीक फरकांवरून भेद करू नये, आणि पैसे परवडत नाहीत ही सबब चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यापूर्वी १९८२ साली दिल्लीच्या एका पोलीस वाहनचालकाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने अनुच्छेद ३९ (घ) ला समानतेच्या मूलभूत हक्काची जोड देऊन ठेवली होती. तेव्हा मार्गदर्शक तत्त्व न्यायालयात अगदीच मुके राहिले असेही म्हणता येत नाही. १९७६ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. तेथे शिक्षक आणि शिक्षिका एकाच वेतनश्रेणीत. पगारपत्रकावर सह्या करताना हे कोणाच्या ध्यानातही येत नसे, इतके ते अंगवळणी पडले होते. जेथे दर लिहिलेला असतो आणि सही घेतली जाते तेथे कायदा असा नकळत वावरतो. वावरात दर लिहिलेला नसतो. तो चौकात बोलला जातो.

आणि तेथे कामाची वाटणी आधीच झालेली असते. खुरपणी, कांद्याची लागण, काढणी, पात कापणे, निवडणे ही बायांची कामे. औषध मारणे, पाणी भरणे, गोण्या उचलणे, ट्रॅक्टर ही गड्यांची. मालकाला विचारावे तर तो म्हणेल की, गोणी उचलणारा आणि खुरपे चालविणारी यांचा रोज एक कसा असेल? वरवर पाहता हे खरेही वाटते. परंतु त्याच वावरात ज्या दिवशी गडी आणि बाया मिळून कांदा काढतात, एकाच सरीत, एकाच उन्हात, त्या दिवशीही संध्याकाळी रोज दोनच असतात. मग गोणीचे कारण कोठे गेले? आणि दिवसभर वाकून केलेल्या लागणीला गोणीपेक्षा हलके काम ठरविले ते कोणी व केव्हा, याचेही उत्तर मिळत नाही.

अलीकडे एक निराळी रीत वाढली आहे. कांद्याची लागण बायांच्या टोळ्या रोजाने करीत नाहीत, उक्ती घेतात. एकराला इतके, असा सौदा ठरतो. सौदा करावयास टोळीतलीच एखादी जाणती बाई पुढे होते. मालकाशी घासाघीस करते, उजाडण्यापूर्वी वावरात टोळी उतरविते, आणि काम उरकले की पैसे घेऊन बांधावर बसून समसमान वाटते. टोळीत एखाद्या बाईचा नवरा किंवा मुलगा रोपे पुरवावयास आलेला असला तर त्यालाही तितकाच वाटा मिळतो. वहीत नावापुढे आकडा एकच असतो, आणि ती वही बहुधा त्या बाईची शाळेत जाणारी मुलगी लिहिते.